आटवलेला सिरका

आई,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. मंडळी जेवून गेल्यावर तुमची लेक, आपल्या सुनंदाताई, माझ्यासोबत भांडी आवरत होत्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून तुमच्याशी बोलायचंय, म्हणून लिहायला बसले.

केमो सुरू झाली आणि तुमच्या तोंडाची चवच गेली. तुमच्या हातचं चिंचेतलं बोईट, खाडीतला तो मासा, खायला अख्ख्या अंजूर गावातून माणसं यायची. त्या तुम्ही ताट बाजूला सारून म्हणायचात, "माती खाल्ल्यासारखं लागतं गं." हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी फार घाबरले होते, आई.

त्याच सुमारास यांनी गोडाऊनमधून बाल्सामिक व्हिनेगरची बाटली आणली. लेबल फाटलेला परदेशी माल तिथे कामगारांना देऊन टाकतात. काळाभोर, द्राक्षांचा सिरका. तुम्ही वास घेऊन विचारलंत, "दारू तर न्हाय ना ही?" किती दिवसांनी हसलो होतो आपण!

मोबाईलवर बघून मी तो मंद आचेवर आटवला. आधी नाकाडोळ्यांत झोंबला, मग काकवीसारखा चमच्याला धरायला लागला. लाल भोपळ्याच्या भाजलेल्या फोडींवर थोडा सोडला. तुम्ही एक फोड खाल्लीत, मग दुसरी.

"कसं लागतंय?"

"ब्येस हाय. आंबट-गोड."

मग मी रोज आटवत राहिले. कधी टोमॅटोवर, कधी तळलेल्या बोइटावर. दोन घास का होईना, तुम्ही शेवटपर्यंत खाल्लेत. तुम्ही गेल्यावर मला तेवढाच आधार होता.

आणि आज सुनंदाताई म्हणाल्या, "आईला आंबट तेवढं जरा कळायचं. बाकी काय न्हाय. मी बोलले, मग वहिनीला सांग की. तर आई बोलली, ती गॅसपाशी डोळे पुसत उभी ऱ्हाते. तिला कशाला सांगू? तिच्यासाठी खाते."

का नाही सांगितलंत, आई? आंबट कळतंय म्हटलं असतंत, तर कैरी आणली असती, कोकम आणलं असतं. दोघींनी मिळून काहीतरी शोधलं असतं. माझं मन राखायला एकटीने गिळत बसायची काय गरज होती?

तुमच्या पश्चात बाबांचं जेवण कमी झालंय. मी वाढून समोर उभी राहते आणि तेही मान न उचलता "बरं झालंय" म्हणतात. उद्यापासून माझं ताट त्यांच्या शेजारी घेईन. कसं झालंय, हे विचारणार नाही. काय खावंसं वाटतंय, ते विचारेन. आणि ते सांगेपर्यंत बसून राहीन.

तुमची सून,
वैशाली