बुडालेली चिमूट

प्रिय धाकट्या,

बाबांच्या खलातली ती घरघर अजून कानात आहे. त्या तालावर आपण शाळेतल्या कविता घोकायचो, आणि तू कडवं विसरलास की बाबा बत्ता थांबवून तुझ्याकडे बघायचे. नव्या भस्माची चिमूट आधी पाण्यावर टाकायची, तरंगली तरच रोग्याला द्यायची, बुडाली तर धातू कच्चा, म्हणजे विषच, हा त्यांचा नियम.

मागच्या महिन्यात गणिताच्या मास्तरांच्या पुड्या बांधताना मी अशाच एका कवितेत हरवलो होतो. चिमूट टाकायची राहून गेली. परवा त्याच भस्मातली उरलेली टाकली, ती सरळ तळाशी गेली.

काल तुझ्या इस्पितळातून तुझा फोन आला. "दादा, मास्तरांच्या किडन्या बंद पडत चालल्यात. तुझं काही घेत होते का? खरं सांग, नाहीतर तुलाच शेजारच्या खाटेवर झोपवीन!"

तू हसलास. मीही हसलो आणि म्हणालो, "छे रे, नुसता काढा." बाबांपासूनचं पन्नास वर्षांचं नाव आडवं आलं. मास्तर इस्पितळात आहेत, पुड्या घरी. आता आणखी काय बिघडणार, अशी मनाची समजूत घातली. तू मात्र तिथे अंधारात चाचपडतो आहेस. हे पत्र चौथ्यांदा लिहितोय, टाकवत नाही.

तुझा,
दादा

ता.क. दारात मास्तरीणबाई उभ्या आहेत, तडक इस्पितळातून आलेल्या. म्हणतात, "वैद्यबुवा, डॉक्टरांच्या नकळत मधातून देत होते हो. आज सकाळी शेवटची पुडी संपली. अजून बांधून देता?"