हुक कोण लावतं

मंगळवार, संध्याकाळ

दवाखान्याने दिलेल्या संधिवाताच्या ॲपवर आज नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं भरत होते. सकाळी बोटं किती वेळ आखडली होती, गोळी घेतली का. मग तो प्रश्न आला, कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का? मी 'थोड्या त्रासाने' निवडणार, एवढ्यात शेजारी चहा पीत बसलेले हे म्हणाले, "तुझे हुक रोज मी लावतो. ते डॉक्टरांना कसं कळणार?"

आवाजात चिडचिड नव्हती, म्हणूनच जास्त लागलं असेल. दिवाळीपासून अंबडला ड्युटीवर निघण्याआधी हे माझ्या ब्लाउजचे हुक लावून देतात, आणि त्याबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो. का नाही बोललो? बोललो असतो तर तो खराच आजार झाला असता, म्हणून?

'जमत नाही' निवडलं.

तासाभरात दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "ताई, पुढच्या महिन्याची वाट बघू नका, उद्याच या. औषध बदलावं लागेल असं डॉक्टर म्हणतायत."

मी ह्यांना म्हटलं, "रिक्षाने जाईन मी." पण हे सुट्टीचा मेसेज टाकत होते. एरवी मी नको म्हटलं असतं. आज त्यांना सुट्टी घेऊ दिली. भीती वाटतेय, आणि ती मला एकटीलाच वाटत नाहीये, हे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.