मी दुधी सोडला

१ मार्च, सकाळी ६.१०

कै. सौ. शशिकला विनायक केळशीकर,

विषय गंभीर असल्यामुळे तुला पूर्ण नावाने संबोधीत आहे. अडतीस वर्षांच्या संसारात मी तुला 'अगं' याव्यतिरिक्त कोणत्याही नावाने हाक मारल्याचे स्मरत नाही. अपवाद एकच, तुझ्या दशक्रियेचा. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी पिंडाला कावळा शिवेना. सव्वा तास आम्ही उन्हात उभे. आपली रुचिरा म्हणाली, "आई, बाबांकडे मी बघेन." कावळा ढिम्म. तुझ्या भावानेही काहीतरी पुटपुटून पाहिले. शेवटी मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "शशिकला, मी वजन कमी करीन." कावळा तत्काळ आला.

तेव्हा वजन ८४ किलो होते. आज ८८.४ आहे. दुःखाने माणसे वाळतात असा सार्वत्रिक समज आहे. तो माझ्या बाबतीत लागू पडलेला नाही, यात माझा दोष नाही.

काल पुण्याहून रुचिराचा फोन आला. ३० एप्रिलला ती स्वतः येणार, दवाखान्यातील काट्यावर माझे वजन करणार. ८४ च्या वर भरले तर पनवेलचे घर बंद आणि मी तिच्याकडे पुण्याला. "तिकडे एकटे राहून तुम्ही काय काय खाता ते मला माहीत आहे," म्हणाली. मी बाणेदारपणे सांगितले की ८४ हे लक्ष्य माझ्या क्षमतेचा अपमान आहे, ७८ लिहून घे. ती म्हणाली, "बाबा, चौऱ्याऐंशी पुरे." मी ऐकले नाही.

हे घर मी सोडणार नाही. स्वयंपाकघरातील डब्यांवर अजून तुझ्या अक्षरातील चिठ्ठ्या आहेत. 'ओवा'. 'मेथी'. आणि एका डब्यावर, खास माझ्यासाठी: 'हा नाही, खालचा'.

२ मार्च, सकाळी ६.००

वजनकाट्यावर फरशीचा परिणाम होतो, हे आज सिद्ध केले. न्हाणीघरात ८८.४. दिवाणखान्यात ८८.१. बाल्कनीतील तिसऱ्या फरशीवर ८६.९. यापुढे मोजमाप त्याच फरशीवर. चष्मा, जानवे आणि घड्याळ काढून.

एका दिवसात दीड किलो. आरंभ समाधानकारक आहे.

३ मार्च

आहारतज्ज्ञ सई यांच्याकडे गेलो. वय सत्तावीसच्या आसपास. मला 'अंकल' म्हणाल्या. दिलेल्या तक्त्यात आठवड्यातून पाच दिवस रात्री दुधी. शब्द दीर्घ 'दू' ने लिहिला होता. ऱ्हस्व करून तक्ता परत दिला आणि अडचण सांगितली.

ती तुला ठाऊक नाही, म्हणून नोंदवतो. तेराव्याला वडीलधाऱ्यांनी सुचवले की तुझ्या नावाने मी एखादा पदार्थ सोडावा. सगळे माझ्याकडे पाहू लागले. चहा, बासुंदी, निदान बटाटेवडा अशी अपेक्षा चेहऱ्यांवर स्पष्ट होती. मी म्हणालो, "मी दुधी सोडला." माझी शुगर निघाल्यापासून नऊ वर्षे तू आठवड्यातून चार वेळा दुधी करत होतीस. त्यामुळे तो माझा प्राणप्रिय पदार्थ असावा, असा समाजाचा ग्रह होता. तुझ्या मावशीच्या डोळ्यांत पाणी आले. खरी वस्तुस्थिती फक्त तुला आणि मला माहीत.

सई म्हणाल्या, "अंकल, हेल्थसाठी एवढं व्रत ब्रेक नाही का करता येणार?" मी सांगितले, शब्द म्हणजे शब्द. त्यांनी दुधीच्या जागी दोडका लिहिला. दोडक्याविषयी मी अद्याप निर्णय घेतलेला नाही.

६ मार्च, दुपार

अत्यंत अप्रिय प्रसंग. समोरच्या दारच्या बिल्कीसभाभींकडे आपल्या घराची दुसरी किल्ली असते, ती तूच दिलेली. मी बँकेत गेलो असता त्या भाकरी ठेवायला आत आल्या आणि फ्रिज उघडला. परतलो तेव्हा त्या श्रीखंडाचा डबा हातात घेऊन उभ्या.

"विनायकभाई, शुगरवाल्याच्या घरात हे काय?"

पाहुण्यांसाठी आहे, असे मी सांगितले.

"पाहुणा चमचा आतच ठेवून गेला वाटतं."

मी संयम सोडला नाही. गृहव्यवस्थेत काही फेरबदल करावयाचे असल्याने किल्ली परत मिळावी, अशी विनंती केली. त्यांनी जुडग्यातून किल्ली काढायला बराच वेळ घेतला. मग माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "शशीने दिली होती. घ्या." भाकरी तेवढ्या ठेवून गेल्या.

मुद्दा माझा बरोबर होता. बरे मात्र वाटले नाही. पुन्हा तोच वाद उद्भवू नये म्हणून श्रीखंड संपवून टाकले.

१० मार्च

तळ्याकाठी फिरणे अशक्य. तुझ्या चालण्याच्या गटातील महिला दर वीस पावलांवर थांबवतात आणि "कसे आहात हो भाऊजी?" असे मान तिरपी करून विचारतात. उत्तर देण्यासाठी थांबावे लागते. हृदयाची गती वाढतच नाही.

यावर उपाय: गच्ची. सोसायटीचे सचिव शैलेश यांच्याकडून गच्चीची किल्ली रीतसर सही करून घेतली. रोज सकाळी पंचेचाळीस मिनिटे. त्यांनी विचारले, "काका, किती दिवस लागेल?" मी म्हणालो, ७८ होईपर्यंत. ते म्हणाले, "म्हणजे अठ्ठ्याहत्तर दिवस?" खुलासा केला नाही.

११ मार्च

गच्चीवर बारा मिनिटे चाललो. उरलेली तेहतीस मिनिटे टाकीच्या सावलीत श्वसनाला दिली.

२४ मार्च

दुसऱ्या मजल्यावरच्या शोभाताईंनी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या आहेत. किल्ली माझ्याकडे, म्हणून राखणही ओघाने माझ्याकडे आली. कावळ्यांचा उपद्रव फार. पापड्या कडेने वाळून मध्ये ओलसर असतात, त्या अवस्थेत त्या नीट होत आहेत की नाही हे एखादी उचलून पाहिल्याखेरीज कळत नाही. पाहिली. चांगली होती. दुसऱ्या रांगेतही पाहणे क्रमप्राप्त होते.

२६ मार्च

शोभाताई दारात. "काका, दोनशे दहा घातल्या होत्या, एकशे साठच भरल्या!"

मी कावळ्यांविषयी खेद व्यक्त केला.

"कावळे एवढ्या सरळ रेषेत खातात?" असे म्हणून त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिले. सकाळपासून माणसाने किती अपमान सहन करावा? गच्चीवर जाणे थांबवणार नाही. माघार घेतली तर आरोप मान्य केल्यासारखे होईल.

२ एप्रिल, सकाळी ६.१५

तिसऱ्या फरशीवर ८९.२. दोन दिवसांपासून फरशी हलते आहे.

सईंना फोन केला. वाढ स्नायूंची असावी, असे मत मांडले. त्या म्हणाल्या, "अंकल, मसल्स इतक्या लवकर नाही येत." सत्तावीस वर्षांच्या व्यक्तीला माझ्या स्नायूंचा अनुभव कोठून असणार?

१२ एप्रिल

रुचिराशी दूरध्वनीवरून वाटाघाटी. मोठ्या मनाने सांगितले की ७८ हा आकडा मी भावनेच्या भरात दिला होता, तुझा ८४ मान्य. ती म्हणाली, "मी तेच म्हणत होते." मग ८६ विषयी चाचपणी केली. ८८ उच्चारण्यापूर्वी फोन ठेवला गेला.

तिने ठेवला. मी ठेवला असता तर तसे लिहिले असते.

१८ एप्रिल

बिल्कीसभाभींनी किल्ली दिल्यापासून बोलणे बंद होते. आज दार वाजवून हापूसची छोटी पेटी ठेवली. म्हसळ्याला त्यांच्या बहिणीची कलमे आहेत, दरवर्षी पेटी येते. "शशीच्या वेळेपासूनचं आहे, तुमच्यासाठी नाही," एवढेच म्हणाल्या.

स्वाभिमान बाजूला ठेवून पेटी स्वीकारली. उद्या अक्षय्य तृतीया. दिवंगत माणसाच्या नावाने आंब्याचा नैवेद्य दाखवण्याचा दिवस. पहिल्या वर्षी काय चालते यावर जाणकारांत मतभेद आहेत. आमरसावर नाहीत.

१९ एप्रिल, दुपारी १.२०

सहा आंब्यांचा रस काढला. तुझ्या फोटोसमोर वाटी ठेवली. एक पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवले आणि कावळ्याची वाट पाहिली.

तीन कावळे आले. टाकीवर बसले. पानाकडे पाहिले. पुढे सरकले नाहीत.

वीस मिनिटांनी मी म्हणालो, वजन कमी करीन. मग म्हणालो, रोज चालेन. मग पापड्यांविषयीचे सत्य शोभाताईंना सांगेन, असेही म्हणालो. चाळीस मिनिटे झाली. ऊन असह्य झाले. एक कावळा उडून गेला तो शेजारच्या इमारतीवर.

पापड्या खाऊन त्यांची पोटे भरलेली असणार.

अन्न वाया जाऊ नये म्हणून पान आणि वाटी मीच संपवली. प्रसादाचे उष्मांक धरत नाहीत.

२० एप्रिल

रिकामी पेटी परत करायला समोर गेलो. आठ आंबे उरले होते, ते काल सायंकाळी आणि आज सकाळी संपले. बिल्कीसभाभींनी विचारले, "गोड निघाले ना?" मी औपचारिक आभार मानले आणि तुमच्या मैत्रिणीच्या नावाने पान ठेवले होते, पण कावळा काही शिवला नाही, असे सांगितले.

त्या म्हणाल्या, "कसा शिवणार? शशीने आंबा सोडलेला ना."

मी म्हणालो, कधी?

"तुमची शुगर निघाली त्या साली. मला बोलली, भाभी, यांच्याच्याने तोंड आवरणार नाही, मीच काहीतरी सोडते. तुमची शुगर काबूत राहावी म्हणून मन्नत केली तिने. अल्लाकसम, नऊ सालांत एक फोड तोंडात घातली नाही. तुम्हाला खरंच माहीत नाही?"

तू मला सांगितले होतेस की आंब्याने तुला उष्णता होते. तोंडाला फोड येतात म्हणालीस. मी विश्वास ठेवला. तुझ्या वाट्याचे आंबे वाया जाऊ नयेत म्हणून दरवर्षी मीच खात असे. तू साल काढून, फोडी करून, बशीत घालून देत होतीस. एका वर्षी मी तुला म्हणालो होतो, "बरे झाले तुला आवडत नाही ते."

भाभींनी विचारले, "बसता का? पाणी देऊ?" मी नको म्हणालो. पेटी त्यांच्या दारात ठेवली. उलटी ठेवली, हे नंतर लक्षात आले.

२१ एप्रिल

दुधी सोडण्याचा ठराव रद्द.

बाजारातून एक दुधी आणला. किसायचा की चिरायचा, ते माहीत नव्हते. फोडणीला जिरे हवे म्हणून डबा काढला, त्यावर 'हा नाही, खालचा' अशी चिठ्ठी होती. खालचा काढला. जिरे होते.

भाजी बेचव झाली. मीठ घालायचे राहिले होते. दोनदा वाढून घेतली.

२२ एप्रिल

शोभाताईंकडे जाऊन पन्नास पापड्यांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्या म्हणाल्या, "काका, ते आम्हाला कधीच कळलं होतं. पण पन्नास?" माझ्या अंदाजाने त्रेचाळीस. उरलेल्या सातांना कावळे जबाबदार आहेत. या मुद्द्यावर मी ठाम आहे.

तळ्याकाठी फिरलो. महिलांनी थांबवले. थांबलो.

२७ एप्रिल

दुधी, सातवा दिवस. मला हा पदार्थ आवडत नाही. हे तुला नऊ वर्षे माहीत होते, तरीही तू आठवड्यातून चार वेळा करत राहिलीस. माझा राग नेमका कोणावर आहे, हे लिहिता येत नाही.

३० एप्रिल, सायंकाळ

रुचिरा आली. दवाखान्यात जाण्याआधी घरचा काटा पाहून म्हणाली, "इथेच करा ना बाबा, उगाच कशाला जायचं?" काटा बाल्कनीत तिसऱ्या फरशीवरच होता. तेथे सकाळी ८८.५ भरले होते. मी सांगितले की ही फरशी विश्वासार्ह नाही आणि कारणही सांगितले.

दवाखान्यात चष्मा, जानवे, घड्याळ काढले नाही. ९०.१.

परतताना तिने विचारले, याआधी कधी या काट्यावर वजन केले होते का? मी म्हणालो, नऊ दिवसांपूर्वी, ९१.६. तिने माझ्याकडे पाहिले. "म्हणजे उतरतंय की!" मी म्हणालो, हो, पण अट ८४ ची होती. ती म्हणाली, "अट राहू दे, हवं तर महिनाभर वाढवू या."

मला मुदतवाढ घेता आली असती. तोंडावर शब्द आलाही होता. परंतु साडेपाच महिने मी स्वतःला मुदतवाढच देत होतो, आणि त्याआधी नऊ वर्षे ती तू देत होतीस. मी म्हणालो, बॅगा भरतो.

आईने आंबा सोडला होता, हे तिला सांगितले. ती म्हणाली, "मला म्हणाली होती, दात आंबतात." तुझे एकाच विषयावर दोन वेगळे खुलासे होते. कार्यालयात मी हे चालू दिले नसते.

३ मे, सकाळी ९.४०

दोन बॅगा, वजनकाटा आणि जिऱ्याच्या डब्यावरचा तो एक डबा. डबा रिकामा आहे, कधी कशाचा होता ठाऊक नाही. चिठ्ठी मात्र शाबूत आहे.

गच्चीची किल्ली शैलेश यांना दिली. सही घेतली. त्यांनी विचारले, "काका, झालं अठ्ठ्याहत्तर?" मी म्हणालो, नाही.

घराची दुसरी किल्ली बिल्कीसभाभींना. मी ती मागून घेतली होती ते अनुचित होते, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, "अनुचित काय ते मला कळत नाही. झाडांना पाणी घालीन." मग म्हणाल्या, "दुधी पुण्याला पण मिळतो, विचारून ठेवलंय मी."

पुढच्या वर्षी पेटी पाठवू नका, असे सांगणार होतो. पण आंबा मला सोडता येईल असे वाटत नाही, हे खरे तेच सांगितले. प्रथमच कोणासमोर.

त्या म्हणाल्या, "पूर्ण कोण सोडायला सांगतं? शशीच्या वाट्याचा तेवढा सोडा."

रुचिरा खाली गाडीत हॉर्न वाजवते आहे. चिठ्ठ्यांचे बाकीचे डबे जागेवर आहेत. गॅस बंद. दार कुलूपबंद केले. दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या परत केल्या.