ओटीतली अँटेना

अक्का,

चिमीला लस द्यायला दवाखान्यात नेतेय, आमचा नंबर लागेपर्यंत तुम्ही सासरी निघालेल्या असाल. ओटीचं ताट देवघरात तयार आहे, आई भरतील. त्यात नारळाशेजारी तुमच्या टूरिंग बाईकवरच्या रेडिओची नवी अँटेना आहे, चिमीनं कडेवरून ओढून मोडली तिच्या जागी. आई म्हणाल्या, "ओटीमा कोनी तार टाकस का वं?" आखूड रबरी दिसायला छान होती, पण धुळ्यापुढे नुसती खरखर ऐकू येईल असं दुकानदार म्हणाले, म्हणून लांब स्टीलचीच घेतली.

बाळंतपणापासून तुम्ही राहिलात, म्हणून मला चार घास गरम मिळाले. जाताना दवाखान्यावरूनच जा आणि रेडिओ मोठा लावा. तुमच्या गाडीवरचं गाणं ऐकलं की चिमी रडायची थांबते. मीही थांबते.

तुमची डिंपल