ट्यूलिपच्या कुरणाभोवतीचा दोर

तीर्थरूप कोचकोरबायमामांस,

दोन्ही हात छातीशी धरून भाच्याचा सलाम. कंबर कशी आहे? मामींचा खोकला? घोड्या, शिंगरं ठीक ना? (घोड्या ठणठणीत आहेत हे मला ठाऊक आहे. कसं, ते पुढे येईलच.)

माझी प्रकृती बरी, अब्रू मात्र जरा नरम आहे. उद्यानं कशी राखतात ते शिकायला मला बारा दिवस स्वित्झर्लंडला धाडलं होतं, हे तुम्ही गावभर सांगितलंच आहे. तिथे एका डोंगरावर फुलांच्या कुरणाभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर नुसता दोर होता. ना काटेरी तार, ना पहारेकरी. माणसं दोरापाशी येत, थांबत आणि मागे फिरत! (आपल्याकडे भिंतीपाशीही कोणी थांबत नाही.) परत आल्याबरोबर मी आपल्या ट्यूलिपच्या कुरणाभोवती खुंट्या ठोकल्या, दोर ताणला आणि समाधानानं चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोराला एकोणीस शिंगरं बांधलेली. खुंट्यांवर ताणलेला दोर दिसल्यावर आपला माणूस दुसरं काय करणार? शिंगरं तिथे म्हणून त्यांच्या आया तिथे, आणि ट्यूलिप कधी त्यांच्या पोटात, कधी खुरांखाली. मी ओरडायला तोंड उघडलं, तर शेजारच्या तंबूतल्या सायराकानआजींनी त्याला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगाच लावला. "औक्षवंत हो रे! इतके साहेब आले नि गेले, पण घोड्यांचं दूध काढायला दोर बांधून देणारा तूच पहिला." (आता अशा आशीर्वादावर नियम कसा वाचून दाखवायचा?) दोर फुलांसाठी आहे, असं मी चाचरत म्हणालो, तर म्हणाल्या, "फुलं काय पळून जातात होय, त्यांना बांधायला?"

चार दिवस हेच चाललंय. शुक्रवारी स्विस पाहुणे पाहणीला येणार; कुरण असंच दिसलं तर नोकरी जाईल, असं संचालकबाईंनी बजावलं आहे. नोकरीचं एक वेळ राहू द्या, पण दक्षिणेच्या उतारावर अजून शेदोनशे कळ्या उरल्या आहेत. त्या गेल्या तर मला खरंच फार वाईट वाटेल.

आपला,
सुयुनबेक

ता. क. माझं कोणी ऐकत नाही, सगळ्यांनी मला शेंबडा असताना पाहिलंय. तुम्ही आधी वरच्या कुरणावर हललात, तर बाकीचे निमूट मागे येतील.

आणखी ता. क. घोड्या कोणाच्या, असं बाईंनी विचारलं. परगावच्या असाव्यात, म्हणालो. मामा, एकोणीसपैकी अकरा तुमच्या आहेत. समोर येऊन बोललो असतो, पण मामी वाडगा पुढे करतात आणि मी तो रिकामा करून परत येतो. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. उद्यानाच्या चौकीच्या खिडकीतून तुमचा तंबू दिसतो, आणि मी त्या खिडकीशीच बसलोय.