फ्यान मागुन बंद होइल

प्रिय दत्ता,

धाकट्या भावाच्या नावाआधी 'चि.' लिहावे, असे मी वर्गात तेहतीस वर्षे शिकवले. आज सवयीने तेच लिहिले आणि खोडले. 'कै.' लिहायला हात वळेना. म्हणून 'प्रिय' लिहिले आहे. पण त्या शब्दावर जाऊ नकोस. मी तुझ्यावर अतिशय रागावलो आहे. समोर असतास तर आवाज पार बाजारापर्यंत गेला असता. समोर नाहीस, म्हणून लिहितो आहे.

आज सकाळी विलास आला होता. तांड्यावरचा विलास, तुझ्या हाताखाली वायरमन झालेला. तुझ्या वहिनीची, मालतीची, धाप पुन्हा वाढली आहे. डॉक्टरांनी विचारले, घरात ओल कोठे आहे? ओल न्हाणीघरात आहे, दत्ता. छताचा कोपरा तव्यासारखा काळा झाला आहे. तू बसवलेला पंखा नीट हवा ओढत नसावा, असे समजून मी विलासला बोलावले.

त्याने दाराबाहेरचा बोर्ड उघडला, आत बोट घातले आणि काडेपेटीएवढी एक पांढरी डबी बाहेर काढली. तिच्या तारा कापून, चिकटपट्टी गुंडाळून आत कोंबलेल्या होत्या.

"गुरुजी, हे कोणी तोडलं?"

"बिघाड होता. दुसऱ्या वायरमनकडून काढून घेतला."

विलास हसला. माझ्या तोंडावर हसला! "बिघाड न्हाई ओ, टायमर हाय हा. लाइट बंद केली की फ्यान धा मिनिटं चालून राहतो, समदी वाफ बाहेर फेकतो अन् मागून बंद होतो. दत्ताभाऊनं मुद्दाम परभणीहून आणला होता, वहिनीसाठी. तुमाला बोलले न्हाईत का?"

बोललास का, दत्ता? सांग ना! एवढी साधी गोष्ट मोठ्या भावाला सांगितली असतीस तर तुझी जीभ झिजली असती का?

मला तो दिवस स्वच्छ आठवतो. मालती हिंगोलीला दवाखान्यात होती. मी हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत गेलो होतो. मी जिवंत आहे, हे तेथे दरवर्षी सिद्ध करावे लागते. तेवढ्या वेळात तू आलास, भिंतीला भोक पाडलेस, पंखा बसवलास आणि निघून गेलास. चहालासुद्धा थांबला नाहीस. बोर्डावर मात्र वहीचा कागद चिकटवून गेलास. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : 'फ्यान मागुन बंद होइल'.

चार शब्द आणि तीन चुका! 'बंद' तेवढा शुद्ध. ज्याचा सख्खा भाऊ मराठीचा शिक्षक, त्याने असे लिहावे? मी पायांतली चप्पलही न काढता लाल शाईचे पेन घेतले. 'फ्यान' खोडून 'पंखा' केले, 'मागुन'चा उकार दीर्घ केला, 'होइल'ची इ दीर्घ केली. वाक्य निर्दोष झाले. मग मी ते निर्दोष वाक्य वाचले आणि घराच्या मागे गेलो.

हो, मागे! पंखा मागून बंद होईल. म्हणजे त्याचे बटन मागच्या बाजूला असणार. दुसरा अर्थ माझ्या मनाला शिवलाही नाही. मी स्टूल नेले, भिंत चाचपली, अळूच्या चिखलात पाय भरवले. शेजारची शोभा धुणे वाळत घालत होती.

"काय हुडकून राहिले, गुरुजी?"

"बटन."

"सदऱ्याचं?"

"पंख्याचे."

"अगं बाई! भिताडाला हुडकायलेत व्हय पंख्याचं बटन!"

दुसऱ्या दिवसापासून महिनाभर चहाच्या टपरीवर मला एकच प्रश्न होता : "सापडलं का हो, गुरुजी, बटन?" माझ्याच विद्यार्थ्यांची मुले विचारत होती! हे तुझ्यामुळे झाले. निदान तेव्हा मी तसेच समजत होतो.

संध्याकाळी मी तुला फोन केला. काय बोललो, ते शब्दशः लक्षात आहे. माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

"दत्ता, दिवा बंद केला तरी पंखा बंद होत नाही. आणि मागे बटन नाही."

"मागं बटन? मागं काहून असंल? दादा, तो थोडा टाइम फिरून राहतो—"

"'फिरून राहतो' नव्हे. 'फिरत राहतो'."

"बराबर. फिरत राहतो. मंग—"

"'मंग' नव्हे, 'मग'."

तू म्हणालास, "लिहून ठेवलंय की, दादा. वाचा."

वाचा! मला! मी म्हणालो, "तुझे लिहिलेले वाचायचे, तर आधी ते मराठीत असायला हवे."

"बरं दादा. राहू द्या." तू फोन ठेवलास.

आता हा संवाद कागदावर उतरवताना माझी लेखणी एका जागी अडली आहे. 'मंग' म्हणालास. त्या 'मंग'च्या पुढे तुझे वाक्य होते. मी ते कधी ऐकलेच नाही. ते आज विलासने पूर्ण केले.

पण म्हणून तू सुटत नाहीस! एकदा फोन ठेवलास. दुसऱ्यांदा करता आला नसता? मी मोठा होतो. मी कसा करणार? दिवाळीला तू आला नाहीस. मालती ताट वाढून दारात उभी होती. "भावजी येतील ओ, येतील," म्हणत चारदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. मी म्हणालो, "नाही आला तर नाही आला." तोवर रिकाम्या न्हाणीघरात पंखा फिरताना दिसला की मी मेन स्विच पाडत असे; त्याच आठवड्यात दुसरा वायरमन बोलावून तुझे काम तोडून टाकले. दिवा बंद, की पंखा बंद. मला ती शिस्त वाटली.

मालती अंघोळीनंतर दिवा तसाच ठेवून येई. मी मागोमाग जाऊन मालवीत असे. "रिकाम्या न्हाणीघरात दिवा कोणासाठी?" असे विचारीत असे. ती म्हणे, "पंखा फिरू द्या की थोडा. भावजीनं लावला तवा छातीला लई बरं वाटत होतं." मी म्हणे, "'तवा' भाकरीचा असतो. 'तेव्हा' म्हणावे." दोन हिवाळे मी अशी ओल जपली, दत्ता. दोन हिवाळे ती उशाशी वाफेचे यंत्र घेऊन बसली.

आणि तू? सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर कोणाची पाण्याची मोटार दुरुस्त करायला गेलास आणि तेथेच छातीला हात लावून बसलास. हे काय जाण्याचे वय होते? तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठा असलेला मी बँकेत जाऊन जिवंत असल्याचा पुरावा देतो, आणि तू सांगता सांगता अर्ध्या वाक्यावर निघून जातोस! तिरडीपाशी मी सर्वांच्या मागे उभा होतो. लोकांना वाटले, गुरुजी धीराचे आहेत. मी तेव्हाही रागातच होतो.

विलास गेल्यावर मी मालतीला सगळे सांगितले. वाटले होते, ती चिडेल. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुमी आदी माणसाचं वाक्य दुरुस्त करता, मंग ऐकता. तवर माणूस उठून गेलेलं असतं."

मी तिचा एकही शब्द सुधारला नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं न्हाई का वाटून राहिलं?"

तो कागद माझ्याकडे आहे. बोर्डावरून काढून शब्दकोशात ठेवला होता, चुकांचा नमुना म्हणून. आज बाहेर काढला. तुझी पेन्सिल पुसट झाली आहे, माझी लाल शाई तशीच ठळक आहे. 'मागून' हे क्रियाविशेषण अव्यय. स्थलवाचकही आणि कालवाचकही. दोन्हींची उदाहरणे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. 'चोर मागून आला.' 'तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो.' वर्गातल्या शेवटच्या बाकालाही हा फरक कळत होता.

विलासने टायमर पुन्हा जोडला आहे. त्याच्यासमोर मी दिवा मालवला. अंधारात पंखा फिरतच राहिला. मी दारात उभा राहिलो. दहा मिनिटे, मध्ये काही न बोलता. मग तो आपोआप थांबला. इतके सोपे होते, दत्ता!

एक नवा कागद बोर्डावर लावला आहे. तुझेच चार शब्द, तुझ्याच ऱ्हस्व-दीर्घांसह, माझ्या हस्ताक्षरात. येणारेजाणारे म्हणतील, गुरुजींना म्हातारचळ लागला. म्हणू देत.

आणि तुला एक वचन देतो. तू पुढे गेलास. मी मागून येईन. तेव्हा तुझे वाक्य 'मंग'पासून सुरू कर. ते संपेपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

अजूनही रागावलेला,
तुझा दादा