तिघांची हिरवी खुर्ची

३ नोव्हेंबर
जानेवारीपासून हॉस्टेल दुरुस्तीसाठी बंद. नोटीस लागल्यापासून पोरं भेदरलीत. मी नाही. गॅरेट, बॉइड आणि मी, आम्ही तिघं; आणि तिघांत डोकं असलेला मी एकटाच. घर शोधायची मोहीम हाती घेतली. जेवताना दोघांना तसं जाहीर केलं. गॅरेट पिझ्झाकडे बघत म्हणाला, "बघ की वेंडल, तुला काय, वेळच वेळ." याला म्हणतात विश्वास.

९ नोव्हेंबर
पहिलं घर नापास. मालकाची मांजर आहे, बॉइडला शिंका येतात. दुसऱ्याचा जिना अरुंद, गॅरेटची हॉकीची बॅग वळणार नाही. तिसरं स्वच्छ, उबदार, कॉलेजला लागून, पण एकट्यापुरतं. आपल्या काय कामाचं? ताडकन नाही सांगून आलो.

१६ नोव्हेंबर
मिळालं! मिसेस पाचुत्स्कींचा वरचा मजला. तीन खोल्या, हीटिंग भाड्यातच. बाई खाली एकट्या राहतात, जीभ तिखट. "तिघं तिघं म्हणतोस, येतोस मात्र एकटाच," म्हणाल्या. मोठी खोली गॅरेटला. पोर्चकडची बॉइडला. पाइप खडखडतो ती मला, मला कुठेही झोप लागते. दोघांना फोटो पाठवले. बॉइडने उत्तरादाखल अंगठा पाठवला. खूश दिसतोय.

२१ नोव्हेंबर
सरोवरावरून बर्फ आला, कमरेएवढा. शनिवारी दोघं घर बघायला येणार, म्हणजे गॅरेटच्या गाडीला जागा हवी. सकाळभर बाईंच्या दारासमोर फावडं मारलं. हाताला फोड. जुन्या बाजारातून हिरवी प्लास्टिकची खुर्ची आणून मधोमध मांडली. आमच्या बफेलो शहरात बर्फ ज्याने काढला, गाडी लावायची जागा त्याची; खूण म्हणून खुर्ची. खुर्चीला कुणी हात लावत नाही. बाई खिडकीतून ओरडल्या, "अरे, पण गाडी कुठाय?" येतेय म्हटलं.

२३ नोव्हेंबर
आले नाहीत. गॅरेटला प्रॅक्टिस होती. बरोबरच आहे, टीम आधी. बॉइडचा फोन लागला नाही. त्याला नवा चार्जर घ्यायला सांगितलं पाहिजे.

२७ नोव्हेंबर
आईचा फोन. "थँक्सगिव्हिंगला येतोस ना? तुझ्या खोलीत रॉनचं व्यायामाचं सामान आहे, सोफ्यावर झोपशील ना?" रॉन म्हणजे तिचा नवा नवरा. घराच्या गडबडीत आहे, नाही जमणार, म्हटलं. कुणाबरोबर राहणार, विचारलं. नावं सांगितली. "कोण रे हे? कधी बोलला नाहीस." आईचं लक्षच नसतं.

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंगची सुट्टी. हॉस्टेल रिकामं. खुर्चीवरचा बर्फ झाडायला गेलो, तर बाईंनी टर्की आणि बटाट्याचे पियेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, हातात ठेवले. "तिथेच उभा राहून खा, पण खा." नव्या घरात स्वयंपाकाला तिघांचं मिळून एक भांडं घ्यायचं ठरवलं.

५ डिसेंबर
खुर्ची रोज गाडली जाते, रोज उकरून काढतो. बाई वैतागल्या. "खुर्ची दोन दिवस ठेवायची असते, पोरा. दोन आठवडे नाही. शेजारी माझं डोकं खातात." दोन नर्स घर मागतायत, उद्यापर्यंत नक्की सांग, म्हणाल्या. गॅरेटला खडसवायचं ठरवलं. कँटीनच्या दारात गाठलाच. घाईत होता, म्हणून हवामानावर बोललो.

६ डिसेंबर
बॉइड आपणहून खोलीवर! खूप दिवसांनी. म्हणाला, "यार वेंडल, तुझी ती हिरवी खुर्ची रिकामीच असते ना? आम्हाला दे ना. गॅरेटने गाडी काढली की लगेच कुणीतरी जागेत घुसतं." कुठल्या जागेत? "नव्या घरासमोर. तुझ्या त्या बाईंच्या पलीकडच्याच गल्लीत." नोटीस लागली त्याच आठवड्यात सह्या केल्या म्हणे, राहायलाही गेले. तीन खोल्या. तिसरा टीममधला कॉलिन. "तुला सांगणारच होतो रे, पण तू इतका खूश होतास..."
खुर्ची नेऊन देतो म्हटलं.

७ डिसेंबर
बाईंना सांगितलं. चिडतील वाटलं होतं. नुसत्या "बस, सूप घे" म्हणाल्या. मजला नर्सना गेला. त्या एकट्यापुरत्या घराच्या मालकाला फोन केला. "केव्हाच गेलं. तूच ना तो, एकट्याचं नको म्हणणारा?"
मग खुर्ची उचलून पलीकडच्या गल्लीत गेलो. गॅरेटने दार अर्धवट उघडलं. आतून गरम हवा आली, कुणीतरी हसत होतं. "भारी माणूस आहेस यार," म्हणाला, आणि थंडी आत येतेय म्हणून दार लावून घेतलं. त्यांचा बर्फ नीट काढलेला नव्हता. कडेचा काढून दिला. गाडी कुणीतरी बाहेर नेली होती; रिकाम्या जागेत खुर्ची मधोमध ठेवली.
वाईट वाटलं. खूप वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
येताना कोपऱ्यावरून मागे वळून बघितलं. खुर्चीने गॅरेटच्या गाडीला जागा व्यवस्थित धरून ठेवली होती.